बिनपावतीचा सौदा



शहरातल्या पेपरांत हल्ली एक नवी चर्चा असते. पैशावर चालणारी नाती. मोबाईलवर ओळख, हॉटेलात भेट, महिन्याचा खर्च त्यानं द्यायचा, सोबत तिनं द्यायची. विद्वान मंडळी विचारतात, समाजाला झालं तरी काय? नात्याचा बाजार कधीपासून झाला?

मी विचारतो, तुम्ही एवढी वर्षं झोपला होता काय?

आमच्या कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात ह्या नात्याला जुनं नाव आहे. झुलवा. पोरीच्या केसात जट सापडायची. जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं. गळ्यात दर्शन बांधलं, हातात परडी दिली, की ती देवाची. देवाची झाली म्हणजे तिला नवरा नाही. मग कुणीतरी पैसे, लुगडं, धान्य देऊन तिच्याशी झुलवा लावायचा. तो तिचा मालक. शब्द नीट ऐका. नवरा न्हवं, मालक! त्याची लग्नाची बायको वाड्यात, ही महारवाड्यात, मांगवाड्यात. त्याचं मन भरलं की झुलवा संपला. पुढची वाट कामाठीपुऱ्याची, पुण्याच्या बुधवार पेठेची, सांगलीच्या गोकुळनगरची. मार्गशीर्षात रांडाव पुनवेला बांगड्या फोडायच्या, माघात अहेव पुनवेला परत भरायच्या, हाच तिचा संसार.

कायदे काय कमी झाले? शाहू महाराजांनी 1920 साली करवीर संस्थानात केला. मुंबई इलाख्याचा 1934 चा. कर्नाटकाचा 1982 चा. महाराष्ट्राचा 2005 चा. त्यांनी उघड चाललेलं झाकलं. सौदा शहरात खोली घेऊन राहिला. आता झुलवा म्हणत नाहीत. 'ठेवलीय' म्हणतात. वस्तू ठेवावी तशी.

नात्यात पैसा आला म्हणून ते घाण झालं, हे मला मान्य नाही. हुंडा मोजून लागलेलं लग्न काय देवघरातून येतं? 1961 साली हुंडाबंदी झाली आणि हुंडा मानपान होऊन मांडवात पहिल्या रांगेत बसला. तोही सौदाच. पण त्या सौद्याची पावती आहे. रेशनकार्डावर नाव आहे, नवरा मेला तर वारसा आहे, सोडली तर पोटगीचा दावा आहे. हिच्याकडं काय आहे? वीस वर्षं भाकरी थापली, अंथरूण घातलं, दुखण्याखुपण्यात पाय चेपले. हातात पावती नाही.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. बदली कामगार म्हणजे काय ते मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. गेटवर उभं राहायचं, दुसऱ्याची जागा रिकामी झाली तर आत जायचं. ही बाई जन्मभर बदलीवर आहे. पण 240 दिवस भरले की बदलीवाल्यालाही कायद्यापुढं तोंड उघडता येतं. हिचे सात हजार दिवस भरले तरी हजेरीपट कोरा!

कोर्टात जावं म्हणाल, तर ऐका. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा लग्नासारखं नातं मानतो. पण 2010 साली वेलुस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, की पैसे देऊन मुख्यतः शरीरासाठी किंवा मोलकरीण म्हणून ठेवलेली बाई त्यात बसत नाही. म्हणजे ज्यानं वापरलं तोच तिच्या वापराचा दाखला देऊन सुटणार. गिरणीमालकानं 'मी ह्याला फक्त राबवून घेतलं' म्हणावं आणि पगार माफ व्हावा, तसलाच हा न्याय. बारा वर्षांनी, 2022 साली त्याच कोर्टानं शरीरविक्रय करणाऱ्या बाईला माणूस म्हणून प्रतिष्ठा आहे, असं बजावलं. चांगलं झालं. पण प्रतिष्ठा चुलीवर शिजत नाही.

आणि पोरं? पोर वाढतं आईच्या वस्तीत, आईच्या जातीचे टोमणे खात. जातीच्या दाखल्याला गेलं की टेबलावरचा माणूस बापाकडचे पुरावे मागतो. बाप गावात मिशीला पीळ देत बसलेला असतो. त्याची शिवाशीव रात्री नसते, दिवसा दाखल्याच्या वेळी असते. कर्नाटकात 2025 साली नवं देवदासी विधेयक आलं, त्यात मुलांना बाप शोधून हक्क मागायची वाट धरली. आपल्या महाराष्ट्रात ही मागणी कोण करणार?

आता आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ द्या.

'गोलपिठा' 1972 ला आला. त्याला पन्नास वर्षं उलटली. आपण अजून त्या बाईवर कविता करतोय. ती आपली प्रतिमा झाली, उपमा झाली. आपल्या मेळाव्यात खुर्चीवर बसलेली बाई मात्र झाली नाही. सांगलीत 1996 साली ह्याच बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. त्या म्हणतात, हे आमचं काम आहे. तुम्हाला पटत नाही? मलाही सगळं पटत नाही. मग समोर बसून भांडा. तिच्या पाठीमागं ठराव करू नका.

16 जून 1936 ला बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या जोगतिणी-मुरळ्यांची सभा घेतली. हे जिणं सोडा, लग्न करून राहा, असं खडसावलं. पोट कसं भरायचं ते सांगणार नाही, वाटा शेकडो आहेत, असंही म्हणाले. आपल्यातले शूर पहिला अर्धा भाग बाईच्या तोंडावर फेकतात. दुसरा अर्धा कुणाच्या अंगावर येतो? तिनं धंदा सोडला, बरं. लग्न कोण करणार? तू करशील? खोली भाड्यानं कोण देणार? तुझी आई देईल? ती शेकड्यातली एक वाट दाखवायचं काम बाबांनी कुणावर टाकलं? आपल्यावरच ना?

तर भाषण पुरे. कामं सांगतो. 2024 पासून सरकारी कागदावर आईचं नाव लागतं. पण बापाचा रकाना रिकामा म्हणून पोराला परत पाठवतील, तिथं त्याच्यासंगं तहसीलला उभे राहा. रेशनकार्ड, बँकेचं खातं, दाखला, एकेका बाईचं काम तडीला न्या. मालकाच्या मिळकतीत तिचा आणि पोरांचा वाटा लागलाच पाहिजे, असा कायदा मागा. आणि 'ठेवलेली' हा शब्द ज्याच्या तोंडून येईल, तो आपला असला तरी त्याला तिथल्या तिथं थांबवा.

राबली ती. पावती तिच्या नावानं फाटली पाहिजे.

जयभीम.

— एक गिरणी कामगार, कोडोली