गारवा त्यांचा, झळ आमची

जूनमधल्या भर दुपारी दिल्लीत करोल बागेच्या अजमल खान रोडवरून चालत जा. कपड्यांच्या दुकानांची दारं सताड उघडी असतात आणि आतली थंडगार हवा फुटपाथवर वाया जात असते. गिऱ्हाइकाने गारव्याला भुलून आत यावं, म्हणून ही युक्ती. आता मागच्या गल्लीत वळा. तिथे एसीची आउटडोअर युनिटं एकावर एक टांगलेली दिसतील आणि त्यांच्या तोंडासमोर दीड हातावर माझी खिडकी. लेहंगा निवडणाऱ्या नवरीमुलीची सगळी उष्णता माझ्या खोलीत येते आणि खोलीचं भाडं मात्र मी भरतो.

याला आपल्याकडे विकास म्हणतात.

एसी उष्णता नाहीशी करत नाही. तो ती आतून उचलून बाहेर टाकतो आणि वर स्वतःच्या कॉम्प्रेसरची भर घालतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ती परत ओकतं. 19 जून 2024 रोजी दिल्लीत सफदरजंगला किमान तापमान 35.2 अंश नोंदलं गेलं. किमान बरं का, कमाल नव्हे! त्याच दिवशी शहराची विजेची मागणी 8,656 मेगावॅटवर पोचली, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर. रात्र निवत नाही म्हणून एसी लावायचा आणि एसी लावला म्हणून रात्र निवत नाही. मागणी वाढली की मंत्री 'विक्रमी मागणी पुरवली' म्हणून पाठ थोपटून घेतात. ताप चढल्याचे पेढे वाटावेत, तसला हा प्रकार.

ही वीज येते कुठून? बदरपूरचं औष्णिक केंद्र ऑक्टोबर 2018 मध्ये बंद झालं आणि दिल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. वीज कमी लागू लागली म्हणून नव्हे, कोळसा दुसऱ्यांच्या दारात जळू लागला म्हणून. सिंगरौली-रिहंदच्या पट्ट्यात राख उडते आणि करोल बागेत लेहंगे गार राहतात. मुंबई-पुणेकरांनी यावर हसू नये. त्यांच्या गारव्याची राख चंद्रपूर आणि कोराडीची माणसं वर्षानुवर्षं गिळताहेत.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: अमेरिकेचं दरडोई उत्सर्जन बघा, मग आम्हाला शिकवा. अमेरिका दोषी आहेच, वादच नाही. पण या 'दरडोई'त उघड्या दाराचा दुकानदार आणि पंख्याखाली घामेजलेला यूपीएससीवाला पोरगा, दोघांची डोकी सारखी मोजली जातात. गरिबाच्या कमी वापराआड श्रीमंताची उधळपट्टी लपवायची, ही चलाखी आंतरराष्ट्रीय परिषदेत खपेल, माझ्या गल्लीत नाही.

दिल्ली सरकार महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज फुकट देतं. लातूर-बीडहून यूपीएससीसाठी करोल बाग, राजेंद्र नगरात आलेल्या किती पोरांना ती मिळते, विचारा. मीटर मालकाच्या नावावर, खोलीला सब-मीटर आणि मालक म्हणेल तो दर. मी स्वतः युनिटला दहा रुपये मोजतो. माझ्या नावावरचं अनुदान कोणाच्या खिशात जातं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी 20 अंशांच्या खाली जाऊ न देण्याचा नियम आणू म्हणून सांगितलं. आणा की! पण दार उघडं ठेवून 20 वर एसी चालवणाऱ्याचं काय करणार? आधी त्याला दंड लावा. रहिवाशाच्या खिडकीसमोर युनिट बसवायला बंदी घाला. व्यापारी जोडणीला संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत असा दर लावा की दार आपोआप बंद होईल. सब-मीटरवर सरकारी दरापेक्षा पैसाही जास्त घेणाऱ्या मालकाचं अनुदान थांबवा आणि ते भाडेकरूला द्या. यातलं एकही काम अशक्य नाही. फक्त ते केलं तर व्यापारी रागावतो आणि घरमालक रुसतो. भाडेकरूंचं मत मात्र गावाकडच्या यादीत असतं, म्हणून त्याची झळ दिल्लीत कोणालाच लागत नाही.