सकाळची शाळा, दुपारचे घर

कोलकात्यातल्या पाच-सहा वर्षांच्या मराठी मुलाचा दिवस कसा जातो, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. सकाळी पूलकार, मग शाळा, घरी येऊन जेवण, डोळा लागतो न लागतो तोच शिकवणी, आणि आठवड्यातून दोनदा चित्रकलेचा किंवा नाचाचा क्लास. वर्गात इंग्रजी, खेळताना बांगला, टीव्हीवर हिंदी. मराठी उरते ती रात्रीच्या जेवणापुरती, तीही आई-वडील दमलेले असताना. माझे म्हणणे असे की, आठ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दिवसाचा निम्मा भाग शाळेचा असावा आणि उरलेला निम्मा घरच्यांनी स्वतः, मराठीतून आणि नीट आखून शिकवण्याचा. शाळा सोडावी, असा माझा आग्रह नाही. सोडायची आहे ती दुपारची शिकवणी.

एवढ्या थोड्या शाळेने मूल मागे पडेल, ही पहिली भीती. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. भागाकार केला तर दिवसाला सरासरी 4 तास होतात. एवढ्या लहान मुलाला याहून जास्त वेळ वर्गात बसवायलाच हवे, असे कायदाही म्हणत नाही. या शहरात बऱ्याच शाळांचे प्राथमिक वर्ग सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपार मोकळी सोडतात. अर्धवेळ शाळा आपल्या दारात आहेच, फक्त आपण तिच्या मोकळ्या दुपारी विकून टाकतो. हा कायदा 6 ते 14 या वयाला लागू आहे आणि त्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते. म्हणून सहा वर्षांनंतर आठवड्यातले दोन दिवस मूल घरी ठेवण्याचा हट्ट धरू नये. दिवसच वाटून घ्यावा. सहाच्या आत अशी सक्ती नसते, तेव्हा बालवर्गाच्या मुख्याध्यापिकेशी बोलून तीन दिवसांची शाळा मागता येईल. इंग्लंडमध्ये अशी वाटणी मुख्याध्यापकांच्या संमतीने होते, अमेरिकेच्या आयोवा राज्यात घर आणि शाळा अशी दुहेरी नोंदणी कायद्याला मान्य आहे.

दुसरी गोष्ट शिकवणीची. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2022च्या पाहणीत पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात पहिली ते आठवीतली 70 टक्क्यांहून अधिक मुले पैसे मोजून शिकवणीला जाताना आढळली, देशाची सरासरी तीसच्या आसपास होती. पाहणी खेड्यांची असली, तरी कोलकात्याच्या कुठल्याही पाड्यात संध्याकाळी फेरी मारली की चित्र वेगळे दिसत नाही. शाळेबाहेरचे शिक्षण इथल्या बहुतेक मुलांना मिळतेच आहे. ते कोण देतो आणि त्यात काय देतो, एवढाच प्रश्न आहे. सकाळी फळ्यावर लिहिलेले दुपारी पुन्हा वहीत उतरवून घेण्याने सहा वर्षांच्या मुलाला नवे काही मिळत नाही.

घर आणि शाळा यांची सांगड कशी चुकते आणि कशी जमते, हे याच शहरातल्या रवींद्रनाथांच्या बालपणात दिसते. जोडासाँकोच्या वाड्यात त्यांचे थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांनी घरचा अभ्यासक्रम आखला होता. पहाटे कुस्ती, मग गणितापासून शरीररचनेपर्यंतचे विषय, नंतर शाळा, परत आल्यावर चित्रकला आणि व्यायाम, रात्री दिव्याखाली इंग्रजी. त्या इंग्रजीच्या तासाला डोळे कसे मिटत, हे त्यांनी ‘जीवनस्मृती’त लिहून ठेवले आहे. भरलेल्या शाळेवर भरलेले घर रचले की मूल असेच पेंगते. पण हेमेंद्रनाथांनी हे सारे शिक्षण आधी बांगलातून व्हावे, असा आग्रह धरला होता आणि त्याबद्दल रवींद्रनाथांनी मोठेपणी मनापासून कृतज्ञता व्यक्त केली. 1873 साली मुंजीनंतर वडील देबेंद्रनाथ त्यांना डलहौसीच्या डोंगरात घेऊन गेले. तिथे पहाटे संस्कृत, दिवसा थोडे इंग्रजी, भरपूर भटकंती आणि रात्री आकाशातल्या ताऱ्यांची ओळख, एवढाच क्रम होता. विषय मोजके आणि शिकवणारा माणूस आपला. मला घरच्या दुपारसाठी हा दुसरा नमुना हवा आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण सखाराम गणेश देऊस्करांचे आहे. 1869 साली जन्मलेल्या या मराठी मुलाची आई तो पाच वर्षांचा असताना गेली. देवघर या गावी त्याला वाढवले ते आत्याने, आणि या आत्याला मराठी साहित्याची चांगली जाण होती. शिक्षण बंगाली वातावरणात, मराठीचा वारसा घरातून. या दुहेरी घडणीतून 1904 साली बांगलातले ‘देशेर कथा’ लिहिणारा आणि बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवणारा लेखक उभा राहिला. दोन भाषांत मूल गोंधळते, असे म्हणणाऱ्यांनी देऊस्करांकडे पाहावे. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले. कोलकात्यातली शाळा आपल्यासाठी मराठी माध्यम काढणार नाही. ते काम घरालाच करावे लागेल.

मूल एकलकोंडे होईल, हा आक्षेप पूर्णवेळ घरशिक्षणाला लागू पडतो. इथे सकाळ मित्रांसोबतच जाते. उलट, शाळेचा निम्मा भाग राखण्यामागे एक गंभीर कारण आहे. गांधीजींनी आपल्या मुलांना रूढ शाळेपासून दूर ठेवले आणि थोरल्या हरिलालच्या मनात त्याची सल कायम राहिली. पालक कितीही मोठ्या मनाचे असले, तरी त्यांचा हट्ट मुलाचे नशीब ठरवू शकतो. मुलाला कमी ऐकू येणे किंवा अक्षरे उलटी दिसणे वर्गातल्या बाईंच्या जितक्या लवकर लक्षात येते, तितक्या लवकर प्रेमाने आंधळ्या झालेल्या घराच्या येत नाही.

सर्वांत खरा आक्षेप मात्र आईचा आहे. ‘घरी शिकवा’ म्हटले की हे ओझे तिच्याच डोक्यावर येणार आणि प्रसंगी तिची नोकरी सुटणार. तसे होणार असेल तर ही योजना नको, हे मी निःसंकोच म्हणेन. दुपारची जबाबदारी वडील, आजी-आजोबा आणि शेजारची दोन-तीन मराठी कुटुंबे यांनी वाटून घेतली, तरच ती टिकेल. तासही फार लागत नाहीत: दीड तास पुरे. त्यात मोठ्याने गोष्ट वाचणे, देवनागरीचे रोज थोडे लेखन, स्वयंपाकघरातले मोजमाप आणि बाजारातला हिशेब, उरलेला वेळ मातीत आणि झाडांत. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेने वाकायचे असते, ही दृष्टी त्यांनी मराठी माणसाला केव्हाच दिलेली आहे.

ज्या घरात दुपारी कोणीच मोठे नसते, त्यांच्यासाठी आपल्या मराठी मंडळाने पुढे यावे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातली एक खोली आठवड्यातून तीन दुपारी लहानांसाठी उघडावी, निवृत्त सभासदांनी पाळीपाळीने तिथे बसावे आणि वर्गणीतला काही भाग मराठी बालपुस्तकांवर खर्च व्हावा. इथल्या अनेक शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ज्या पालकांची आणि ज्या आजी-आजोबांची तयारी असेल, त्यांनी त्याआधी कार्यकारिणीकडे आपली नावे द्यावीत.