हॅम्बर्गर खा, पण पूर्ण शिजलेला

अमेरिकेत न्यू हेवन येथे ‘लुईज लंच’ हे विटांचे चिमुकले हॉटेल आहे. इतका चवदार हॅम्बर्गर मी दुसरीकडे खाल्ला नाही. ताजा खिमा, भाजलेला पाव, चीज, कांदा, टोमॅटो. केचप मागूनही मिळत नाही, तेच बरे! (खिमा गोमांसाचा असतो, ज्यांना वर्ज्य आहे त्यांचा प्रश्नच मिटला.)

मात्र आतून गुलाबी हॅम्बर्गरचे कौतुक मला पटत नाही. अखंड मांसावरचे जंतू वरून भाजले की मरतात; खिमा करताना ते आत मिसळतात. १९९२-९३ साली अमेरिकेत अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधील ‘ई. कोलाय’ जंतूंमुळे चार मुले दगावली. खिम्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सियस उष्णता पोहोचलीच पाहिजे. तिकडे मुलांकडे जाणाऱ्यांनी, विशेषतः नातवंडांसाठी मागवताना, ‘वेल डन’ असे बजावून सांगावे. रस थोडा कमी होईल, होऊ द्या.