वर्गाबाहेर : न रडणाऱ्यांची चौकशी कोण करणार?

कॉलेजातल्या समुपदेशन कक्षाच्या दारावर वेळ लिहिलेली असते. ज्याला त्रास होतोय त्याने त्या वेळेत यावं, ही अपेक्षा. पण मदत मागणंच ज्याला लहानपणापासून जमलेलं नाही, तो त्या दारापर्यंत येणार कसा? विद्यार्थ्यांच्या ताणावर आपण जी व्यवस्था उभारतो आहोत, ती नेमकी इथे कच्ची आहे.

जवळच्या माणसांशी जुळणाऱ्या बंधाचा, म्हणजे 'अटॅचमेंट'चा सिद्धांत ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६९ साली आला. त्याला निरीक्षणांचा आधार दिला तो मेरी एन्सवर्थ यांनी, आधी युगांडातल्या आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या घरांमध्ये. त्यांचा प्रयोग साधा होता. वर्षभराचं मूल आईबरोबर अनोळखी खोलीत येतं. आई दोनदा बाहेर जाते, तीही काही मिनिटांपुरतीच, आणि परत येते. आई गेल्यावर मूल किती रडलं, याला एन्सवर्थ फारसं महत्त्व देत नव्हत्या. आई परत आल्यावर ते काय करतं, हे त्या पाहत.

बहुतेक मुलं आईकडे झेपावतात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही आईला घट्ट बिलगतात, तरी त्यांचं रडं थांबत नाही. आई पुन्हा जाईल ही धास्ती मिटत नाही. आणि काही आईकडे बघतही नाहीत, खेळण्यात मान घालून बसतात. ही तिसरी, 'अव्हॉइडंट' म्हणजे जवळीक टाळणारी मुलं बघणाऱ्याला भारी समंजस वाटतात. पुढच्या संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते रडणाऱ्या मुलांइतकेच वाढलेले आढळले. बाहेरून शांत दिसणारं मूल आतून घाबरलेलंच होतं. मागून काही मिळत नाही, हे ते वर्षभरात शिकलं होतं.

हे मूल मोठं होऊन बारावीनंतर लातूरहून, नाहीतर बुलढाण्याहून पुण्याला येतं. कॉट बेसिसवर जागा घेतं, मेस लावतं. घरून फोन आला की 'सगळं ठीक आहे' म्हणतं. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात, हे घरी सांगत नाही. प्रॅक्टिकलला दांड्या पडू लागतात, रूमवरचा दिवस लांबत जातो. शिक्षक म्हणतात, मुलगा शांत आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच वर्गातली एखादी मुलगी परीक्षेआधी दहादा शंका घेऊन येते, मॅडमचा मेसेज आला नाही की अस्वस्थ होते. तिचा ताण निदान दिसतो. तिला कुणीतरी समुपदेशकाकडे पाठवतं. पहिला मात्र यादीतून सुटतो. विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसतं: जवळिकीपासून लांब राहण्याची सवय असलेले तरुण मदत घ्यायला मागे राहतात.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याशी संबंधित सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. हा निर्णय मोलाचा आहे आणि तो कागदावर राहू नये यासाठी पालकांनी, विद्यार्थी संघटनांनी कॉलेजला जाब विचारला पाहिजे. पण समुपदेशक नेमला आणि तो खुर्चीत वाट बघत बसला, तर त्याच्यापर्यंत मागता येणारेच पोहोचतील.

'आता काय हात धरून चालवायचं का यांना?' असं अनेक प्राध्यापक विचारतात. बाल्टिमोरच्या घरांतच या प्रश्नाचं उत्तर सापडतं. ज्या बाळांच्या रडण्याला आया लगेच धावून जात, ती बाळं पहिल्या वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. हाकेला ओ मिळते हा भरवसा असला की माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. अठराव्या वर्षीही तो भरवसा नव्याने कमावता येतो, कारण बंधांचे हे साचे जन्मभरासाठी पक्के नसतात. एखादा भरवशाचा शिक्षक, मित्र किंवा जोडीदार त्यांत बदल घडवू शकतो. म्हणूनच रील बघून 'मी अव्हॉइडंट आहे' असा शिक्का स्वतःवर मारून घेणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: ही सवय आहे, तुमचा स्वभाव किंवा आजार नव्हे.

आणि प्रत्येक ताणाचं मूळ बालपणात शोधू नये. शिष्यवृत्ती रखडली, घरभाडं थकलं, निकाल लांबला, तर आधी ती शिष्यवृत्ती आणि तो निकाल मिळाला पाहिजे. तिथे आईवडिलांच्या संगोपनाकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे. फरक इतकाच, की अशा वेळी कुणाला सांगावंसं वाटतं आणि कुणी एकटाच झुरत राहतो.

कॉलेजांना यासाठी नवं काही उभारायला नको. नॅकच्या मूल्यांकनासाठी मेंटॉर-मेंटीच्या याद्या बनतातच. त्या फायलीतून बाहेर काढा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याशी मेंटॉरने सत्राच्या पहिल्या महिन्यात एकांतात बोलावं आणि पुढेही ठरल्या दिवशी बोलत राहावं. 'काही नाही सर' हे उत्तर पहिल्यांदा मिळेल, बहुधा दुसऱ्यांदाही मिळेल. तरी तिसऱ्यांदा विचारावं. ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची डिफॉल्टर यादी नोटीस बोर्डावर लागण्याआधी तीतल्या प्रत्येकाला एक फोन जावा, 'का येत नाहीस, बरा आहेस ना?' एवढंच विचारायला. रात्री-बेरात्री कुणाला बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापावा. विचारण्याची जबाबदारी कॉलेजची आहे. ती विद्यार्थ्यावर ढकलली, तर जो सर्वांत एकटा आहे तोच आपल्या हातून निसटेल.