फॉरमॅट हे निदान नव्हे

डेस्कटॉप आपोआप बंद पडतो म्हटल्यावर आपल्याकडचा कारागीर पहिलं वाक्य बोलतो ते ‘फॉरमॅट मारून बघू’. आठवड्याभराने दुसरं वाक्य येतं, ‘मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या’. या दोन वाक्यांच्या मध्ये जे व्हायला हवं त्याला निदान म्हणतात, आणि ते होत नाही, ही माझी तक्रार आहे. माणूस चक्कर येऊन पडतो म्हणून त्याची स्मृती पुसून टाकावी, तसला हा उपचार.

मी तालुक्याच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. तिथल्या संगणकात वर्षानुवर्षांच्या ग्रंथनोंदी आहेत, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या. ते सॉफ्टवेअर मागच्या पॅरलल पोर्टला लावलेल्या डाँगलशिवाय उघडत नाही आणि त्याची सीडी कुणाकडेच नाही. हा संगणक दहा-बारा मिनिटांत बंद व्हायला लागला. कारागिराने अर्थातच फॉरमॅट सुचवला. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी नको.’ सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर होतं.

आता साधी गोष्ट बघा. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जाता येतं. तिथे विंडोज नसते. ती सुरूच झालेली नसते. त्या पडद्यावर संगणक नुसता सोडून दिला आणि तरीही तो बंद पडला, तर विंडोज निर्दोष सुटली. या चाचणीला अवजार लागत नाही, पैसा लागत नाही, लागतो अर्धा तास. आमच्याकडे हेच केलं. प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा डोळ्यांदेखत चढत गेला आणि नव्वदीच्या पुढे पडदा काळा झाला. हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गोधडी बसली होती आणि तिच्या चार खुंट्यांपैकी एक सुटलेली होती. ब्रश, थर्मल पेस्टची नळी, खुंटी पुन्हा दाबून बसवणं. झालं.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं, मान्य. पण बंद कधी पडतो, यातच अर्धं उत्तर असतं. सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांतच जात असेल तर पुढचं बटण आत अडकलंय का बघा. ते दाबून धरलं की संगणक तेवढ्याच वेळात बंद होतो, तशी सोयच आहे. काही मिनिटांनी जातो, लगेच चालू केल्यास आणखी लवकर जातो, आणि तासभर थंड होऊ दिल्यावर पुन्हा पहिल्याइतकाच टिकतो, तर उष्णता. काम वाढलं की झटक्यात जातो, तर एसएमपीएसवर संशय: बारा व्होल्टची तार मल्टीमीटरवर ११.४ च्या खाली जाता कामा नये. (एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.) आणि शेजारी पंप सुरू झाला की जातो, तर संगणकाला काहीच झालेलं नाही, यूपीएसची बॅटरी मेली आहे. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या मदरबोर्डवर सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर मोठ्या संख्येने बसवले गेले. त्यांची डोकी फुगलेली नुसत्या डोळ्यांना दिसतात. पण त्यासाठी आधी झाकण उघडावं लागतं.

यावर कारागीर पुरावा दाखवतात: इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद. ‘बघा, विंडोज करप्ट.’ ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. भिंतीतली पिन उपटली तरी हीच नोंद होते. पंचनामा म्हणजे निकाल नव्हे, आणि इथे तर पंचनामाही अर्ध्या ओळीचा.

दोष एकट्या कारागिराचा नाही. मल्टीमीटर घेऊन अर्धा तास बसून राहण्याचे पैसे त्याला कोण देतं? ‘काहीच बदललं नाही, मग तीनशे कशाचे?’ हे आपणच विचारतो. सुटा भाग बदलला की बिल होतं, फॉरमॅट मारला की बिल होतं, विचार केला तर होत नाही. मग तो विचार का करील? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, चांगलंच झालं. पण तो झगडा कंपन्यांनी सुटे भाग आणि माहितीपुस्तिका द्याव्यात यासाठी आहे. डेस्कटॉपच्या बाबतीत तो प्रश्न फारसा नव्हताच. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा आराखडा आणला, तेव्हापासून एका कंपनीचा एसएमपीएस बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला चालतो. घरातल्या सगळ्या यंत्रांत दुरुस्तीला सर्वांत सोपं यंत्र हेच, आणि भंगारात सर्वांत बेफिकिरीने तेच जातं.

शाळा आणि कार्यालयांत तर निर्लेखनाचा प्रस्ताव आधी तयार होतो, झाकण नंतर उघडतं, तेही रॅम काढून घेण्यापुरतं. वार्षिक देखभालीच्या करारात ‘भेटी’ मोजतात. त्या कागदावर चार रकाने वाढवायला काय हरकत आहे? बायोसमध्ये किती मिनिटं चालला, तापमान किती होतं, बारा व्होल्टच्या जागी किती मिळाले, यूपीएसशिवाय लावून पाहिला का. हे चार रकाने भरलेले नसतील तर फॉरमॅटला परवानगी नाही आणि बिलावर सही नाही. आमच्या वाचनालयाच्या पुढच्या करारात मी हे घालायला लावणार आहे. कंत्राटदार कुरकुरेल. तपासणीचे वेगळे पैसे मागेल. ते द्यायचे आहेत.