कंसांतून उतरलेला खेळ

संगणकावरचे खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, हे आपल्या वक्तृत्वस्पर्धांतले एक लाडके विधान आहे आणि त्यावर टाळ्या हमखास पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा टेट्रिस इतका वेळ खेळला, की अखेर यंत्रच गोठले. ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदिकेनेही त्याला जरा मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला दिला होता. मित्रहो, सगळ्याच खेळांचे वकीलपत्र मी घेणार नाही. पण टेट्रिसला त्या पंगतीत बसवणे मला मान्य नाही. जत्रेतल्या, सेलवर चालणाऱ्या 'ब्रिक गेम'मुळे आपल्याकडे हा खेळ मुलाबाळांना ठाऊक झाला. त्याचा कर्ता मात्र अपरिचितच राहिला.

अलेक्सेई पाजित्नोव १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात संशोधक होते. पाच चौकोनांच्या १२ तुकड्यांचे 'पेंटोमिनो' हे कोडे त्यांच्या आवडीचे. संगणकासाठी त्यांनी चारच चौकोन घेतले. चार चौकोन जोडण्याच्या रीती खरे तर पाच. पण पडद्यावरचा तुकडा फिरवता येतो, पालथा घालता येत नाही. त्यामुळे दोन आकारांची आरशातली रूपे वेगळी धरावी लागतात आणि तुकडे ७ होतात. त्यांच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून त्यांनी कंस शेजारी शेजारी मांडून चौकोन केले! तुकडे पडू लागले, पण बघता बघता जागा भरून खेळ आटपे. तेव्हा भरलेली ओळ नाहीशी करण्याची युक्ती त्यांना सुचली. माझ्या मते सारी प्रतिभा या एका नियमात आहे. जमलेले काम पुसले जाते, चुकलेले तेवढे डोळ्यांसमोर साचत राहते. कथानक नाही, पात्र नाही, तरी माणूस जागचा हलत नाही. शोकांतिकेवर टिपणे काढणाऱ्या आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना यात काहीच दिसू नये?

वदिम गेरासिमोव या शाळकरी मुलाच्या मदतीने खेळ आय.बी.एम. संगणकावर आला आणि फ्लॉपींवरून हातोहात पसरला, तोही फुकट. पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या खोक्यावर मॉस्कोच्या चर्चचे घुमट छापून 'रशियन' म्हणून विकला. खेळात रशियन असे काय होते, देव जाणे. १९८९ साली निन्टेन्डोच्या 'गेम बॉय'बरोबर तो आला आणि त्याच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्याने पाजित्नोव यांना १९९६ पर्यंत मानधन म्हणून काही मिळाले नाही.

२०२३ साली यावर इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात करार आहेत, धमक्या आहेत, मोटारींचा पाठलागही आहे. आणि हा पाठलाग घडलेलाच नव्हता! नायक आहे तो हक्क मिळवणारा हेंक रॉजर्स. कुणी म्हणेल, रॉजर्स नसते तर खेळ घरोघर गेला नसता, शिवाय पाजित्नोव यांना पुढे हक्क मिळाले तेही त्यांच्याच साथीने. हे खरेच आहे. पण व्यवहाराला दोन तास आणि निर्मितीला काही मिनिटे, हा हिशेब मला पटत नाही. कंसांचे चौकोन मांडणारा तो माणूस मला आणखी थोडा वेळ पाहायचा होता.