अनुदानाच्या कागदावरची सही

मार्चअखेर जवळ आली की आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयांत लेखा विभागाबाहेर एक वेगळीच ओपीडी भरते. हातात फायली घेतलेले प्राध्यापक डॉक्टर रांगेत उभे असतात. एरवी रुग्णाला 'थांबा' म्हणणारी ही मंडळी तिथे मुकाट थांबतात. यांतले बरेच जण कुठल्या ना कुठल्या संशोधन प्रकल्पाचे प्रमुख संशोधक, म्हणजे पीआय, असतात आणि त्यांना उपयोगिता प्रमाणपत्र हवे असते. मिळालेले अनुदान ज्या कामासाठी मंजूर झाले त्याच कामावर खर्च केले, असे सांगणारा हा एक पानी कागद. केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो. तो गेला नाही, तर पुढचा हप्ता अडकतो.

त्या कागदावर सही करताना मी एकदा तो वाचला नव्हता.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांचा आम्ही पाठपुरावा करत होतो. ठरावीक महिन्यांनी त्यांच्या घरी जायचे, तब्येत विचारायची, थुंकीचा नमुना आणायचा. एका उन्हाळ्यात नमुन्यांचा फ्रीज बंद पडला. नमुने वाया जाऊ नयेत म्हणून मी साहित्याच्या हेडमधले पैसे वापरून नवा फ्रीज घेतला. बिल पक्के होते, फ्रीज समोर होता, कोणी एक रुपया खाल्ला नव्हता. पण उपकरणे हे वेगळे हेड. एका हेडचा पैसा दुसऱ्यावर खर्च करायचा तर निधी देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, हे मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिलेले होते. मंजुरीपत्रातला रकमेचा आकडा तेवढा मी वाचला होता.

प्रमाणपत्र शेरा मारून परत आले. पत्रव्यवहारात पाच महिने गेले आणि तेवढे दिवस हप्ता आला नाही. लॅब टेक्निशियनने खासगी नोकरी धरली. गावोगाव फिरणारी आमची क्षेत्र कार्यकर्ती मात्र येत राहिली. एक दिवस ती म्हणाली, "सर, पगाराचं राहू द्या, निदान एसटीच्या भाड्याचं काही होईल का?" मी तिला सांगितले, "ऑफिसमध्ये अडकलंय." ते खोटे नव्हते. पण अडकवले मी होते, हे तिला सांगितले नाही.

पैसे आले, तिची थकबाकी मिळाली. मधल्या महिन्यांत ज्या रुग्णांच्या भेटी हुकल्या, त्यांच्या नावापुढचे रकाने मात्र रिकामेच राहिले; सहाव्या महिन्याचा नमुना अकराव्या महिन्यात घेता येत नाही. त्यांतला एक जण पुढे खोकला घेऊन स्वतःच ओपीडीत आला. रोग परतला होता. ठरलेल्या वेळी भेट झाली असती तर तो किती आधी कळला असता, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझे अनेक सहकारी म्हणतात, आम्ही डॉक्टर आहोत, कारकून नव्हे. मला हे पटत नाही. कशासाठी किती पैसे लागतील, हे प्रस्तावात आपणच लिहिलेले असते. लेखा विभागाला व्हाउचरचे नियम कळतात. टेस्ट किटची मुदत जूनमध्ये संपते, म्हणून खरेदी फेब्रुवारीत एकदम करून चालणार नाही, हे त्यांना कसे कळणार? कामाची आणि पैशाची, दोन्ही बाजू दिसतात ती एकाच माणसाला.

पण सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणेही बरोबर नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आता संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. त्याचा भर अभ्यासाची आखणी, नमुन्याची संख्या आणि नीतितत्त्वे यांवर असतो. कॅशबुक कसे वाचायचे, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. बहुतेक ठिकाणी प्रकल्पांचा हिशेब ठेवणारा कर्मचारी तोच, जो धुलाई, ऑक्सिजन आणि आहाराचीही बिले बघतो. त्यात पीआयची बदली झाली, तर प्रकल्प पोरका होतो. नव्या डॉक्टरांना कपाटाची किल्ली मिळते, शिल्लक रकमेचा ताळमेळ मिळत नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनासाठी एक स्वतंत्र लेखापाल असावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

हिशेब आणि विज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे वाटणाऱ्यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण पाहावे. तिथल्या फुप्फुसविषयक प्रयोगशाळेतली एक कर्मचारी २०१३ मध्ये विद्यापीठाच्या कार्डावर स्वतःसाठी खरेदी करताना पकडली गेली. त्यानंतर तिचे काम तपासले गेले आणि उंदरांवरच्या प्रयोगांतले आकडेही बनावट निघाले. त्या आकड्यांच्या आधारे सरकारी अनुदाने मिळवली गेली होती. २०१९ मध्ये विद्यापीठाने ११ कोटी २५ लाख डॉलर सरकारला द्यायचे मान्य केले. आधी बिलांत गडबड सापडली, मग आकड्यांत.

आपल्याकडचे नियम जाचक आहेत, ही तक्रार खरी आहे. काही योजनांत आता पैसा आगाऊ खात्यात पडून राहत नाही. मंजूर मर्यादेत लागेल तसा काढायचा आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. खात्यावर व्याज मिळाले, तर तेही सरकारजमा करावे लागते. जून २०२५ मध्ये केंद्राने काही विभागांच्या संशोधन संस्थांना खरेदीत सवलत दिली. निविदा वा दरपत्रके न मागवता थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये झाली, तर खरेदी समितीमार्फत घ्यायच्या वस्तूंची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. ही सवलत सरसकट सर्व महाविद्यालयांना नाही. ती मिळावी, असे मला वाटते. मात्र ती मागताना एक लक्षात ठेवावे लागेल: तीन दरपत्रके नसतील, तेव्हा ही वस्तू याच दुकानातून, याच भावाने का घेतली, याचे उत्तर सही करणाऱ्याकडेच मागितले जाईल.

सध्या माझ्याकडे एक लहानसा प्रकल्प आहे. मंजुरीपत्राची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओपीडी संपल्यावर लेखा विभागातल्या बाई कॅशबुक घेऊन येतात आणि आम्ही प्रत्येक हेडमध्ये काय उरले ते बघतो. चहासकट अर्धा तास लागतो. गेल्या वेळी प्रवासाच्या हेडमध्ये चार महिन्यांपुरतेच पैसे उरलेले दिसले, आणि गावे होती सात महिन्यांची. परवानगीचे पत्र त्याच दिवशी पाठवले. प्रकल्पातल्या कार्यकर्तीचा पगार कोणत्या तारखेला जमा झाला, हे मात्र मी कॅशबुकात बघत नाही. तिलाच विचारतो.